तरीचा मान

मोरवण्याच्या खाडीवरचा पूल मंजूर होऊन तिसरी पिढी सुरू झाली होती, आणि माणसं अजून तरीनेच, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीनेच, ये-जा करत होती. पूर्वी ही तर वल्ह्यांवर चालायची, मग डिझेलवर, आणि आता छपरावरच्या सौरपाट्यांवर आवाज न करता चालायची. सुधारणा झाली ती एवढीच. सुकाणू मात्र माणसाच्याच हातात लागायचं, कारण खाडीच्या तळाशी वाळू रोज जागा बदलते आणि ती कुठल्या नकाशाला विचारून बदलत नाही. हे सुकाणू पिढ्यान् पिढ्या कोयंड्यांकडे होतं. यंदाच्या शिमग्यात सदानंद कोयंड्यांनी, म्हणजे आबांनी, ते आपल्या सुनेच्या हातात दिलं आणि गावात बोलाबोली सुरू झाली.

सून बाई होती म्हणून गाव बोलत नव्हतं, तेवढं गाव सुधारलं होतं. सुनेला फिट यायच्या म्हणून बोलत होतं. शलाका तिचं नाव. शाळेच्या मैदानात ती पहिल्यांदा पडली, तेव्हापासून 'फेफऱ्याची' हे बिरूद तिच्या नावामागे लागलं ते लग्न झालं तरी सुटलं नाही. आबांच्या मुलाने, हर्षदने, सगळं माहीत असून तिच्याशी लग्न केलं, याचं गावाला कौतुक होतं. तिचं कौतुक कुणी केलं नाही. लहानपणापासून ती होडीत वाढलेली, पाण्याचा रंग बघून तळ सांगायची, पण होडी चालवायची परवानगी तिला जन्मात मिळाली नसती. ती मिळाली मापाडी नावाच्या यंत्रामुळे.

मापाड्याचं सरकारी नाव लांबलचक होतं आणि ते कुणी घेत नसे. शलाकाचं औषध जुनंच, कार्बामाझेपिन, आबांच्या तरुणपणीही मिळायचं. औषध गुणी, पण लहरी. कमी पडलं तर फिट येते. जास्त झालं तर डोकं गरगरतं, एकाचे दोन दिसतात, माणूस प्यायल्यासारखा झुलतो. त्यात प्रत्येकाचं शरीर ते वेगवेगळ्या वेगाने मोडतं, आणि तेच शरीर आज एक तर उद्या दुसरंच करतं. पूर्वी डॉक्टर अंदाजाने मात्रा ठरवायचे आणि मग देवावर हवाला. आता दंडावर एक टिकली चिकटवली, की ती घामातून रक्तातल्या औषधाचा अंदाज घेत राही आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या मापाड्याला कळवी. मापाडी त्या हिशेबाने सकाळ-संध्याकाळ छोट्या पेल्यात औषध मापून ओती. त्याच्या कपाळावर एक दिवा होता. हिरवा असला की सगळं ठीक, पिवळा म्हणजे कमी, लाल म्हणजे जास्त. सलग वर्षभर हिरवा राहिला आणि एकही फिट आली नाही, तर गाडी-होडी चालवायची परवानगी मिळे, आणि ती फिट आली तरच जाई. शलाकाचा अनेक वर्षं हिरवा होता. तरीची मोटारही त्याच दिव्याला बांधलेली. लाल किंवा पिवळा असला की पुन्हा हिरवा होईपर्यंत तिच्या हातून तर सुरूच व्हायची नाही.

गणपती आले आणि तिथून सगळं बिनसलं.

मोरवण्याचे गणपती खाडीच्या मधोमध बोळवायचे आणि ते न्यायचे तरीनेच, असा रिवाज. गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, तिला रानातली फळं-फुलं टांगतात, आणि त्यात एक तोरिंजन हवंच हवं. देशावर त्याला पपनस म्हणतात. डोक्याएवढं फळ, आत गुलाबी गर. विसर्जन झालं की प्रत्येक घर आपल्या माटवीतलं तोरिंजन सुकाणू धरणाऱ्याच्या हातात देई. हा तरीचा मान. तो वाटायचा नाही, टाकायचा नाही, कुजू द्यायचा नाही. ज्याने देवाला नेलं त्यानेच तो पोटात घालायचा, नाहीतर खाडी रुसते. आबांनी जन्मभर तो मान खाल्ला आणि खाडी कधी रुसली नाही. गौरी-गणपतींच्या विसर्जनादिवशी शलाकाच्या पुढ्यात तोरिंजनांची मोठी टोपली भरली. परवा-परवापर्यंत तिला बघून रस्ता बदलणाऱ्या खोत काकींनी स्वतःच्या हाताने तोरिंजन दिलं, तेव्हा तिला रडूच कोसळलं. घरी आल्यावर तिने पहिलं सोललं. मग रोज सकाळी एक, संध्याकाळी एक. टोपली संपवायची होती ना.

थोड्याच दिवसांत पहिली गडबड झाली, ती सुकाणूवर. पलीकडच्या धक्क्याचे दोन धक्के दिसायला लागले. तिने डोळे चोळले तरी दोनच. कसाबसा एक निवडून तिने तर लावली, आणि तो खरा निघाला हे तिचं नशीब. घरी येईपर्यंत पाय चुकीच्या जागी पडत होते. मापाडी लाल झाला होता.

मापाडी लाल झाला की प्रश्न विचारी. आवाज अगदी सभ्य, पुस्तकातल्यासारखा. दुसरं काही औषध घेतलंत का? नाही. एखादा काढा, चूर्ण? नाही. दारू? शलाकाला हसू आलं. खाण्यात एखादं फळ किंवा रस जास्त आला का? तिने प्रामाणिकपणे आठवलं आणि सांगितलं, एक केळं. तोरिंजनाचा विचारसुद्धा तिच्या मनात आला नाही. शेजारी उभ्या हर्षदच्याही आला नाही, आणि मागे खुर्चीत बसलेल्या आबांच्याही नाही. कुणी म्हणेल, डोळ्यांसमोर टोपली आणि ध्यानात येऊ नये? पण तीर्थ घेतलं म्हणून कुणी 'मी पाणी प्यालो' असं सांगतो का? मान तो मान. खाणं ते खाणं.

मापाड्याने मात्रा घटवली. तरी दिवा लाल. आणखी घटवली. तरी लाल. मग त्याने हर्षदच्या फोनवर निरोप पाठवला, कारण काळजीवाहू म्हणून त्याचं नाव होतं. दिलेलं औषध आणि अंगात सापडणारं औषध जुळत नाही, रुग्ण बाहेरून जादा गोळ्या घेत असण्याची शक्यता सर्वाधिक, असा मजकूर. यंत्राचं तरी काय चुकलं? हजारो माणसांचे अनुभव त्याच्या पोटात होते, आणि असं झालं की बहुतेक वेळा माणसंच लपवाछपवी करत होती.

हर्षद वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याच्या मनात एक जुनी गोष्ट रुतून होती. मापाडी येण्यापूर्वी, धाकट्या बहिणीच्या लग्नात मांडवात फिट येईल या भीतीने शलाकाने दुप्पट गोळ्या घेतल्या होत्या आणि अक्षता पडेपर्यंत तिचे डोळे मिटले होते. आता सुकाणूची भीती. धागा जुळायला कितीसा वेळ लागतो! त्याने तिला न विचारता गोळ्या शोधायला सुरुवात केली. तांदळाचा डबा, जाळ्यांची पेटी, गाद्यांच्या घड्या. काही सापडलं नाही, आणि न सापडण्याने त्याचा संशय आणखीच पक्का झाला.

शलाका हे सगळं बघत होती, पण धुक्यातून बघावं तसं. तिला बोलताना शब्द सापडेनात. चुलीवर दूध ठेवलं की नाही हे तिला आठवेना. सकाळी घेतलेला पेला आजचा की कालचा, यावर ती अर्धा तास विचार करत बसे. घरातले सगळे तिच्याकडे एकाच नजरेने बघत होते, आणि मापाडी रोज सभ्यपणे तोच प्रश्न विचारत होता. मग एका दुपारी, टोपलीतलं तोरिंजन सोलता सोलता, तिच्या मनात पहिल्यांदा आलं, की घेतल्याही असतील मी गोळ्या. यंत्र खोटं कशाला बोलेल? माझंच डोकं ठिकाणावर नाही. या विचाराने ती इतकी घाबरली की हातातली फोड खाली पडली. मान खाली पडू देऊ नये म्हणून तिने ती उचलून धुऊन खाल्ली.

त्याच संध्याकाळी हर्षद तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिचे दोन्ही हात त्याने हातात घेतले. त्याचा चेहरा तिला दोनदा दिसत होता, आणि दोन्ही चेहरे दमलेले होते.

"मी रागावचंय नाय," तो म्हणाला. "फक्त खरां काय ता सांग."

"घेतलंय," शलाका म्हणाली.

बस्स. एक शब्द. पण तो ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं असं उतरलं, की तिला वाटलं हे आधीच म्हणायला हवं होतं. तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. कुठून आणल्या? जुन्या उरल्या होत्या. कुठे ठेवल्या? तिरफळांच्या डब्यात. आता कुठे आहेत? खाडीत टाकल्या. सांगता सांगता तिला तो डबा दिसायला लागला, त्यातली कोपरा कापलेली गोळ्यांची पट्टी दिसायला लागली, बोटांना तिरफळांचा वाससुद्धा येऊ लागला. हर्षद रडला. मग उठून त्याने मापाड्याला सांगितलं, आणि मापाड्याने सभ्यपणे आभार मानले.

आता इथे जरा लक्ष द्या, कारण खरी मेख इथे आहे. मापाड्याच्या दृष्टीने कोडं सुटलं होतं. रुग्ण बाहेरून औषध घेतो, त्याची सवय एका दिवसात सुटत नाही, असं त्याला शिकवलेलं. म्हणून बाहेरच्या गोळ्या जमेस धरून त्याने आपल्या पेल्यातलं औषध आणखी कमी केलं, अगदी तळाला जेमतेम लागेल इतकं. आणि त्याच आठवड्यात टोपली संपली.

शलाकाचं डोकं हळूहळू निवळत गेलं. आधी धक्का एक झाला. मग शब्द परत आले. मग एका सकाळी ती उठली आणि मापाडी हिरवा होता. हर्षदने तिला जवळ घेतलं, आबांनी सुकाणूची जागा मोकळी केली. बाजाराचा दिवस होता, तर माणसांनी भरली होती, खोत काकी कोंबड्या घेऊन पुढेच बसल्या होत्या. शलाकाने मोटार सुरू केली. आवाज न होता तर थरथरली. पाणी स्वच्छ दिसत होतं आणि तिच्या मनालाही बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं.

धक्क्याचा दोर सोडायला तिने हात उचलला आणि तिथेच थांबली.

दिवा हिरवा का झाला? गोळ्या बंद केल्या म्हणून, असं सगळे म्हणत होते. पण मी तर काहीच बंद केलेलं नाही. मग अंगातलं औषध खाली आलं कशाने? आणि जे खाली येतच आहे, ते हिरव्यावर येऊन थांबणार कशाला? की मी खरंच गोळ्या घेत होते, आणि घेतल्याचंही विसरले, सोडल्याचंही विसरले? तिने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. दोन्ही खरं वाटत होतं. तिरफळांचा डबा तर अजून डोळ्यांसमोर होता. यातलं खरं कुठलं हे तिला कळेना, आणि समोर चाळीसएक माणसं तिच्या भरवशावर बसली होती. तिने मोटार बंद केली आणि ती धक्क्यावर उतरली.

माणसं कुजबुजायला लागली. हर्षद धावत आला. तिने त्याला बाजूला नेलं.

"मी खोटां बोललंय तुझ्याकडे. गोळयो मी घेवकच नाय."

इतक्या दिवसांचा त्रास हर्षदच्या चेहऱ्यावर परत आला. "मगे खरां कधी बोललंस? तेव्हा, काय आता?"

"ताच माका कळना नाय," ती म्हणाली. "म्हणानच खाली उतारलंय."

दिवा हिरवा आहे, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. तिने मान हलवली आणि ती धक्क्याच्या पायरीवर बसली. शेवटी आबांनी सुकाणू धरलं आणि तर निघाली. ती खाडीच्या मधोमध गेली असेल नसेल, शलाकाच्या जिभेवर तांब्याच्या भांड्याची चव आली. फिट येण्याआधीची ही चव किती वर्षांनी आली, पण तिने ती लगेच ओळखली. हर्षदला हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि पुढचं तिला आठवत नाही.

पुढचं सगळ्या गावाने बघितलं. कुणी कांदा आणा म्हणून ओरडलं, कुणी चप्पल काढली. हर्षदने सगळ्यांना मागे हटवलं. तिला कुशीवर वळवलं, सदरा काढून डोक्याखाली घातला, तोंडात काही म्हणता काही घालू दिलं नाही, आणि झटके थांबेपर्यंत तिच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिला. एक फिट थांबते तोवर दुसरी आली. तेव्हा मात्र त्याने गाडी बोलावली.

कुडाळच्या इस्पितळात ती शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टर मेघना शिरसाट मापाड्याचे आकडे बघत होत्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. तिचा मापाडी त्यांनी लावून दिलेला. इतके आकडे, आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ बसत नव्हता. शिरेतून औषध चालू होतं. डॉक्टरबाईंनी तिला पुन्हा सगळं विचारलं, तिने पुन्हा सगळं सांगितलं, केळ्यासकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा आले. हातात पिशवी, पिशवीत एक मोठं तोरिंजन. मोरवण्यात एका घरचा गणपती एकवीस दिवसांचा असतो, त्याचं विसर्जन आदल्या दिवशी झालं होतं. सुकाणू आबांनीच धरलं होतं, तेव्हा मान खरं तर त्यांचा. शलाकाने तसं म्हटलंही. आबांनी पिशवी तिच्या उशाशी ठेवली.

"तरीचो मान तुझो," ते म्हणाले. "मी नुसतो तुझ्या जागेर उभो रवतंय."

शलाकाने फळ जवळ ओढलं आणि साल काढायला नख लावलं. डॉक्टरबाई दारातच थांबल्या होत्या.

"हे कधीपासून खाताय?" त्यांनी विचारलं.

"खाल्लं कुठे, मॅडम?" शलाका म्हणाली. "तो मान असतो."

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली आणि टोपलीची सगळी हकिकत काढून घेतली. मग त्यांनी जे सांगितलं ते हर्षदने नंतर गावभर सांगितलं, म्हणून इथेही सांगतो. आतड्याच्या भिंतीत काही विकरं असतात, जुन्या काळी नाक्यावर जकातवाले असत तशी. औषध आत शिरताना त्यातला वाटा ती मोडून टाकतात. मात्रा ठरवताना तो वाटा जाणार हे धरलेलंच असतं. पपनसाच्या गरातली काही द्रव्यं ही विकरं निकामी करतात. मग जकात कुणी घेतच नाही आणि पेलाभर औषधाचं काम दीड पेल्यासारखं होतं. नवी विकरं तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. रोज फळ खाल्लं तर ती उभीच राहत नाहीत. फळ बंद झालं की नाका पुन्हा सुरू होतो, आणि तोवर जर मात्रा तळाला नेलेली असेल, तर माणूस उघडा पडतो. तोरिंजन वाईट नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या, गावाने खुशाल खावं. फक्त हे औषध घेणाऱ्याने खाऊ नये, आणि कुणी विचारलं तर प्रसाद, तीर्थ, मान, नवस, जे जे तोंडातून आत गेलं ते सगळं सांगावं. प्रश्न विचारताना आपणही हे विचारायला हवं होतं, असंही त्या म्हणाल्या. त्यांनी ते मनापासून म्हटलं.

आबांनी पिशवीतून चाकू काढला, शलाकाच्या हातातलं तोरिंजन घेतलं आणि तिच्या देखत एकेक फोड स्वतः खाल्ली. टाकायचं नव्हतं ना.

परवानगी गेली होती. वर्षभर एकही फिट न येता काढायचं, तेव्हा कुठे परत. कायद्याला तोरिंजन समजत नाही. शलाकाने ते ऐकून घेतलं. डॉक्टरबाईंनी मग तिच्यासमोर मापाड्याला जोडलेली पडद्याची पाटी धरली. नवी मात्रा लावायची तर आधी जुनी नोंद नीट करायला हवी होती. रुग्णाने बाहेरून जादा गोळ्या घेतल्या होत्या का? खाली दोनच चौकटी. होय आणि नाही. 'होय'वर खूण होती.

"नाय म्हण," हर्षद हळूच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "माका म्हायत आसा, तू घेवक नाय. माझीच चूक झाली."

शलाकाने बोट उचललं. सांगणं सोपं होतं. सगळा उलगडा झाला होता. पण तिरफळांचा डबा तिला दिसत होता, आणि कोपरा कापलेली ती पट्टी, आणि बोटांना वास. कारण कळलं म्हणून ती आठवण पुसली जात नव्हती. तिने डॉक्टरबाईंना विचारलं, आकडे काय म्हणतात? बाईंनी हिशेब पुन्हा मांडला. बराचसा तोरिंजनाने सुटतो, त्या म्हणाल्या. थोडा फरक राहतो. तो कशानेही असू शकतो.

"हर्षद," ती म्हणाली, "तुका 'होय' व्हया होतां, मी म्हटलंय. आता तू 'नाय' म्हण म्हणतंस. माका खरांच ठावक नाय."

पाटी उत्तराची वाट बघत होती. हर्षदने ती डॉक्टरबाईंच्या हातातून घेतली आणि पालथी घालून टेबलावर ठेवली.

"ती ठाऊक नाही म्हणते ना, मॅडम," तो म्हणाला. "तर ठाऊक नाही. त्याची चौकट करा, मग विचारा."

मग तो पलंगाच्या कडेला तिच्याजवळ बसला. पाटीतून सभ्य आवाजात तोच प्रश्न पुन्हा आला, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. त्याला कुणी उत्तर दिलं नाही.